फॉरवर्ड पास 1913 चा नव्हे, 1906 चा

अमेरिकन फुटबॉलबद्दल एक दावा सारखा फिरत असतो: 1913 साली नॉटर डेम विद्यापीठाच्या संघातल्या गस डोराइस आणि नूट रॉकनी यांनी फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकण्याची युक्ती, शोधून काढली आणि त्या जोरावर आर्मीला, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाला, हरवलं. सामना खरा आहे: 1 नोव्हेंबर 1913, वेस्ट पॉइंट, 35-13. शोधाची गोष्ट मात्र चुकीची.

हा पास नियमात बसला 1906 साली. त्याच उन्हाळ्यात सेंट लुइस विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी कोचेम्स यांनी आपला संघ विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूला इथे नेऊन पासचा कसून सराव करून घेतला. चेंडू टोकाजवळ धरायचा, बोटं लेसवर, म्हणजे चेंडूच्या शिवणीवरच्या दोरीवर, ठेवायची, म्हणजे तो स्वतःभोवती फिरत सरळ जातो. 5 सप्टेंबरला वॉकेशात कॅरल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सनचा पहिला पास कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला आणि तेव्हाच्या नियमानुसार चेंडू थेट कॅरलकडे गेला. नंतरच्या पासवर जॅक श्नायडरने टचडाउन केलं, म्हणजे चेंडू विरोधी संघाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. त्या हंगामात सेंट लुइसने 11 पैकी 11 सामने जिंकले. एकूण गुण 407 विरुद्ध 11! एवढा मोठा हंगाम विसरला जातो, ही खरी खंत.

1913 आधी अमेरिकेच्या पूर्वेकडे पास कुणाला ठाऊकच नव्हता, असंही सांगतात. तेही टिकत नाही. 1907 साली प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांच्या कार्लाइल या पूर्वेकडच्याच संघाने फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला 26-6 ने हरवलं, तेही भरपूर पास वापरून.

मग सगळेच पास का फेकत नव्हते? कारण नियम जाचक होते. 1906 मध्ये चेंडू जिथून खेळात आला, तिथून निदान 5 यार्ड डावी-उजवीकडे सरकूनच फेकावं लागे. म्हणूनच मैदानावर उभ्या रेषाही आखत, नाहीतर पंचांना अंतर कळणार कसं? 1910 मध्ये ही अट गेली, पण पास 20 यार्डांपलीकडे टाकायला मनाई आली. 1912 मध्ये तीही उठली, तीनाऐवजी चार डाउन, म्हणजे चेंडू 10 यार्ड पुढे नेण्याचे प्रयत्न, मिळाले आणि चेंडूचा आडवा घेर 22.5 ते 23 इंच ठरला. बारीक चेंडू एका हाताच्या पकडीत बसतो, लांबचा पास त्याशिवाय अवघडच.

डोराइस-रॉकनी जोडीने 1913 च्या उन्हाळ्यात एरी सरोवराकाठी सीडर पॉइंटला सराव केला, तो या नव्या नियमांवर. डोराइसचे 17 पैकी 14 पास पोचले, 243 यार्ड मिळाले. हे त्यांचं श्रेय निर्विवाद.

पण फक्त पासवर सामना जिंकला असंही नाही. पास अडवायला आर्मीचे खेळाडू पांगले की रे आयकेनलॉब हा धिप्पाड फुलबॅक चेंडू घेऊन मधल्या मोकळ्या जागेतून घुसायचा. तो आत घुसतो म्हणून बचाव पुन्हा एकवटला, की डोराइस बाहेरच्या बाजूला फेकायला मोकळा.