जंगली महाराज रस्ता पदपथांनी गिळला नाही

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरच्या रुंद पदपथांविषयी एक मजकूर काही वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. शब्द दरवेळी थोडे बदलतात, आशय तोच राहतो. ऐसपैस रस्ता होता, २०१६ नंतर महापालिकेनं पदपथ फुगवले, गाड्यांना जागा उरली नाही आणि कोंडी सुरू झाली. खड्डे न पडणाऱ्या रस्त्याची वाट लावली. चालणारे आहेतच किती, त्यांना एखादा पादचारी पूल बांधून द्या. आणि इतकं करून त्या पदपथावर जातं कोण, तर दुचाकीवाले.

शेवटचं वाक्य खरं आहे, त्याकडे शेवटी येतो. बाकीचं टिकत नाही.

आधी कोंडी. हा रस्ता एकदिशा आहे, उलट दिशेची वाहतूक फर्ग्युसन रस्त्यावरून जाते. अशा रस्त्यावरून तासाभरात किती गाड्या पुढे सरकतील, हे मधल्या रुंदीवर ठरत नाही, चौकातल्या सिग्नलवर ठरतं. सिग्नल निम्मा वेळ लाल असेल, तर त्या निम्म्या वेळात कुणीच सुटत नाही. मागचा रस्ता दोन मीटर जास्त रुंद असला, तर रांग आडवी पसरते आणि चौकात पुन्हा एकात एक घुसावं लागतं. मग ती जादा रुंदी कुणाच्या कामी यायची? उभ्या गाड्यांच्या. कडेला एक रांग, तिच्याबाहेर ‘दोनच मिनिटं’ म्हणून थांबलेली मोटार, तिला वळसा घालणारी रिक्षा. रुंद पदपथानं आणि आखून दिलेल्या पार्किंगनं मुख्यतः ही जागा घेतली. आपली लेन गेली असं ज्यांना वाटतं, त्यांची बहुतेक वेळा गाडी लावायची जागा गेलेली असते. ती तक्रार करायला हरकत नाही, पण ती त्याच नावानं करावी.

आणि पदपथांमुळेच रस्ते तुंबत असतील, तर कात्रज-कोंढवा रस्त्यावर कोणी पदपथ फुगवले होते? सिंहगड रस्त्यावर? पुण्यात सर्वांत बदनाम कोंडी जिथे होते, तिथे चालणाऱ्याला धड कडाही मिळत नाही.

खड्ड्यांचा मुद्दा चटकन उरकतो. रेकाँडो कंपनीनं सत्तरच्या दशकात बांधलेला हा रस्ता पुणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे, माझ्याही. पण ती करामत पायाभरणीची आणि डांबरी थराची होती. चालणाऱ्यांना किती जागा ठेवायची, हा निराळा प्रश्न. चांगल्या डांबराचं कौतुक करून त्याचं उत्तर मिळत नाही.

‘चालणारे आहेतच किती’ हे मोटारीच्या काचेआडून दिसणारं चित्र आहे. बालगंधर्व रंगमंदिर, संभाजी उद्यान, पाताळेश्वर लेणं, शाळा-महाविद्यालयं, खाण्याची ठिकाणं, सगळं या एका पट्ट्यात. ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रोची संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना ही स्थानकं सुरू झाली. तिथे उतरणारा माणूस रस्त्यावर येतो तो पायीच. पीएमपी बसचा प्रवासीही तसाच, आणि मोटार लावून दुकानात जाणाराही त्या शंभर पावलांपुरता पादचारीच असतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे जवळपास दर पाचातला एक. हे केंद्र सरकारच्याच अहवालातले आकडे आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनाअडथळा पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क असल्याचं सांगितलं. तेव्हा पदपथ ही पालिकेची हौस आहे, हा सूर आता सोडायला हवा.

आता पूल. वाहनांसाठी खाली साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. पंधरा सेंटीमीटरची एक पायरी धरली, तर नुसत्या त्या उंचीला छत्तीस-सदतीस पायऱ्या होतात, पुलाची जाडी वेगळी. चाळीसेक पायऱ्या चढा, तेवढ्याच उतरा, तेही समोरच्या दुकानात जायला. गुडघेदुखीचा माणूस हे करणार नाही, पोरं कडेवर असलेली बाई करणार नाही, चाकाच्या खुर्चीवरच्यानं करायचं म्हटलं तरी शक्य नाही. सगळे खालूनच ओलांडतील आणि मग ‘पूल असून वापरत नाहीत’ म्हणून दोष त्यांनाच.

खालून ओलांडणं सुरक्षित करण्याचा उपाय साधा आहे: पदपथ रुंद करून ओलांडायचं अंतर कमी करा. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला चौदा मीटर ओलांडायला बारा सेकंद लागतात, दहा मीटरला आठ-साडेआठ. वाचलेल्या साडेतीन सेकंदांत ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी चाळीसेक मीटर पुढे येते. शिवाय रस्ता आटोपशीर दिसला की चालक आपोआप वेग कमी ठेवतो. मोटारीची समोरून धडक बसल्यास पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर जाताना साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पदपथाचा फायदा फक्त त्यावर चालणाऱ्यालाच नाही, रस्ता ओलांडणाऱ्यालाही होतो, तो असा.

उरल्या दुचाक्या. त्या चढतात, संध्याकाळी तर सर्रास. पेव्हिंग ब्लॉक उखडतात, आणि या रस्त्यावरच्या सायकल मार्गाची बाजू मी घेणारच नाही, त्याचा वापर पार्किंगसाठीच जास्त होतो. मजकूर लिहिणाऱ्याला यावर आणखी बोलार्ड, म्हणजे वाट अडवणारे खुंट, हवे असतात किंवा थेट पदपथच काढून हवा असतो. बोलार्डचं गणित असं, की चाकाच्या खुर्चीला साधारण ९० सेंटीमीटरची फट ठेवावी लागते आणि स्कूटरचं हँडल सत्तरेक सेंटीमीटरचं. खुर्ची जाईल तिथून स्कूटर जाणारच. हे काम बांधकामानं होणारं नाही, पावती फाडणाऱ्या पोलिसाचं आहे. तो मजकूर ज्यांना पाठवायला हवा, त्या वाहतूक शाखेचं त्यात नावसुद्धा नसतं.