पेपर फुटलाय, तरी तारीखच पाठ करा

दर रविवारी चर्चमध्ये आपण उभं राहून म्हणतो की जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येशू पुन्हा येणार आहे, आणि म्हणता म्हणता बायकोला खुणेनेच विचारतो की मटण फ्रीजरमधून बाहेर काढून ठेवलंस ना. म्हणजे विश्वास आपला पक्का आहे, तयारीचं तेवढं राहिलंय. तर ज्यांची तयारी राहिलीय आणि ती तशीच राहावी अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सगळ्यात आधी तारीख शोधायला घ्या. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला, असं मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात स्वतः येशूच सांगतो. पण तेव्हा यूट्यूब कुठे होतं. आता रात्री साडेअकराला कानात हेडफोन घालून दोन तास बसलं की पुत्राला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि वर दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे लाल दिसले की लोकांना वाटतं रात्रभर प्रार्थनेत होता.

थोरामोठ्यांनी हेच केलंय हो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी होता, बाप्टिस्ट माणूस, त्याने बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस घेतले, एका दिवसाचं एक वर्ष धरलं आणि मोजत मोजत १८४३-४४ पर्यंत आला. मग त्याच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली आणि हजारो माणसं वाट बघत बसली. न्यू हॅम्पशायरमधल्या एकाने तर बटाटे जमिनीतनं काढलेच नाहीत, आता काढून करायचंय काय म्हणून, अशी गोष्ट त्याच चळवळीतून निघालेले ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक सांगतात. २३ तारीख उजाडली. सगळे रडले. पण त्या साली ज्यांनी बटाटे लवकर काढले होते त्यांचे कुजले आणि ह्याचे जमिनीत राहिलेले चांगले निघाले, भावही बरा मिळाला. आता देवाने ह्यातून नक्की कोणाला काय शिकवलं ते मला विचारू नका.

नंतर १९८८ साली नासात काम केलेल्या एका इंजिनिअरने ८८ कारणं देऊन सांगितलं की सप्टेंबरात विश्वासणारी मंडळी वर स्वर्गात उचलली जाणार. नाही उचलली. पुढच्या वर्षी त्याने नवा हिशोब दिला. मग कॅलिफोर्नियाचे हॅरल्ड कॅम्पिंग, रेडिओवाले, हे पण मूळचे सिव्हिल इंजिनिअर, त्यांनी २१ मे २०११ सांगितली, रस्त्यावर मोठमोठे बोर्ड लावले, मे गेला तेव्हा २१ ऑक्टोबर सांगितली, तीही गेली. आपल्याकडे मुलाला इंजिनिअर करायचा हट्ट आहेच, तेव्हा ह्या क्षेत्रात आपल्याला स्कोप आहे.

तारखेचा फायदा काय ते नीट समजून घ्या. एकदा तारीख मिळाली की तिच्या आदल्या दिवसापर्यंत आपण मोकळे. भावाशी बारा वर्षं बंद असलेलं बोलणं आदल्या दिवशी चालू करता येतं. उगाच आज फोन केला आणि शेवट तीस वर्षांनी आला तर मधली तीस वर्षं त्याच्याशी बोलत बसायचं का?

तारीख जमत नसेल त्यांनी खुणा शोधाव्यात, ते सोपं पडतं. आधी बारकोडात ६६६, म्हणजे बायबलातल्या श्वापदाचा आकडा, होता, मग आधारमध्ये निघाला, मग करोनाच्या लशीत. (लस घेतलेले काका अजून व्यवस्थित दशांश देतायत, पण असो.) युद्ध झालं, फॉरवर्ड करा. भूकंप झाला, फॉरवर्ड करा. भूकंपग्रस्तांसाठी डबा फिरवला तर मात्र त्या रविवारी नेमके सुट्टे नसू द्या. पहिल्या शतकात ग्रीसमधल्या थेस्सलनीकात पण अशी मंडळी होती म्हणे, प्रभू येणारच आहे म्हणून कामधंदा सोडून लोकांच्या घरात लुडबुड करत फिरायची, त्यांना प्रेषित पौलाने लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. पौलाचं असंच, वातावरणाची मजाच घालवतो.

ज्यांना ह्यातलं काहीच झेपत नाही त्यांच्यासाठी कॉन्स्टंटाईन पद्धत. अख्खं रोमन साम्राज्य चालवलं, पोराला मारायला लावला, बायकोचाही जीव गेला, नायसियाला बिशपांची परिषद भरवली, आणि बाप्तिस्मा घेतला ३३७ मध्ये, मरायला टेकल्यावर. ह्याला म्हणतात टायमिंग. कोणी टोकलं तर लगेच येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराचं उदाहरण फेकायचं, तो नाही का शेवटच्या क्षणाला तरला? फक्त तिथे दोन चोर होते हे काढायचं नाही. दुसरा पण तितक्याच अंतरावर होता, त्यालाही तेवढाच वेळ होता आणि तो शेवटपर्यंत टोमणे मारत राहिला. आणि आयसीयूत नळ्या घातलेल्या माणसाला पाळकसाहेब आलेत हे कळतं की नाही, हाही विषय काढू नका, वातावरण बिघडतं.

कबरीकडे मात्र आत्तापासून लक्ष द्या. ग्रॅनाईट काळा घ्यायचा की लाल, वचन योहानातलं टाकायचं की स्तोत्रातलं, आत्याच्या शेजारची जागा मिळेल का, का तिथे पण भांडण लागेल. पुनरुत्थानाच्या दिवशी आधी ती लादी उचलावी लागणार आहे, तेव्हा जरा हलकी बघा.

आता खरी अडचण सांगतो. पेपर फुटलाय. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात खुद्द परीक्षकानेच फोडलाय, आणि गेली दोन हजार वर्षं तो कोणाच्याही घरात, टीव्हीशेजारच्या कपाटात, पडून आहे. प्रश्न सहा. भुकेल्याला खायला दिलंत का, तान्हेल्याला पाणी दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, आणि तुरुंगातल्याची भेट. बस. तारखेवर एक मार्काचा पण प्रश्न नाही. आपण नेमकं तेच पाठ करून बसलोय.

पण घाबरू नका, मार्ग आहेत. तुरुंग सरळ ऑप्शनला टाका. परका म्हणजे कोण ह्यावर बुधवारच्या प्रार्थनासभेत चर्चा ठेवा, परप्रांतीय धरायचे का, भाडेकरू धरायचे का, दुसऱ्या चर्चमधून आलेले धरायचे का, वर्षभर पुरते. आजाऱ्याला व्हॉट्सॲपवर ‘गेट वेल सून’चं फूल पाठवा, ते हलतं सुद्धा. कपड्यांसाठी घरातला बोहारणीने परत केलेला गठ्ठा आहेच.

भुकेल्याचं जरा अवघड आहे कारण तो दिसतो. नाताळच्या आधी आमच्याकडे कमिटीची मीटिंग झाली, चर्चवरचा स्टार यंदा एलईडीचा घ्यायचा की जुनाच रंगवायचा ह्यावर पावणेदोन तास. बाहेर गेटपाशी झाडूवाल्या मावशी बसल्या होत्या, खजिनदारांना विचारायला की दोन महिन्यांचे पैसे आज मिळतील का. मांडीवर नात, तिच्या हातात बिस्किटाचा पुडा, त्यातलं एकेक बिस्किट अर्धं मोडून ती खात होती आणि उरलेलं अर्धं परत पुड्यात सरकवत होती. आतून चहा आला, प्लॅस्टिकच्या कपात, मोजून कमिटीपुरता. मावशींचा विषय अजेंड्यावर नव्हता, त्यामुळे तो घेता आला नाही, नियम म्हणजे नियम. स्टार एलईडीचाच आला. छान दिसतो, हायवेवरून दिसतो.

पंडिता रमाबाईंचं अनुकरण तर चुकूनही करू नका. बाई काही कमी शिकलेली नव्हती, पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं तिने, मनात आणलं असतं तर दानीएलाचे २३०० दिवस बोटावर मोजले असते. पण १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, उघड्या, आजारी, परक्या अशा शेकडो मुली घेऊन आली. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. एका फटक्यात किती प्रश्न सोडवले बघा. अशा मुलांमुळेच मग वर्गाचा कटऑफ वाढतो.

त्याच अध्यायातला, नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा दाखला जमलं तर टाळा. वरवर पाहता तो आपल्या बाजूचा वाटतो, कारण नवऱ्याला यायला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा झोपल्या, शहाण्या पाच पण झोपल्या, म्हणजे झोपेबद्दल कोणी काही बोललेलं नाही. पण शहाण्यांनी झोपायच्या आधीच दिव्यांसाठी तेल भरून ठेवलेलं होतं. आणि उसनं मागायला गेलं तर मिळत नाही, हे आपल्यासारख्या नाताळाचा रव्याचा डबा सुद्धा शेजारून भरून घेणाऱ्यांना फार जाचक आहे.

एक शेवटची सूचना, कारण इथेच लोक गाफील राहतात. आपल्याला वाटतं, आपण कोणाचं काही वाईट केलेलं नाही, तेवढं सांगितलं की सुटलो. तो अध्याय परत बघा. डावीकडच्या शेरडांवर, म्हणजे नापास झालेल्यांवर, चोरीचा आरोप नाही, खुनाचा नाही, व्यभिचाराचाही नाही. त्यांनी काही केलं नाही एवढाच आरोप आहे. आणि ‘प्रभू, आम्ही तुला भुकेला पाहिलं तरी कधी?’ हा बचावही त्यांनी आधीच वापरून झालाय, चाललेला नाही. तेव्हा आपल्याला दुसरं काहीतरी शोधायला लागणार. कोणाला सुचलं तर ग्रुपवर टाका, फक्त बुधवारी संध्याकाळी नको, त्या दिवशी स्टारच्या उद्घाटनाचे फोटो यायचेत.