एका फळीची गोष्ट

जुन्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हानं तडकला, तेव्हा वाटलं, एक फळीच तर बदलायची आहे! मुळात ती फळीच. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीला पुढे जी आडवी फळी ठोकत, तिचं नाव डॅशबोर्ड. घोडा गेला, फळी माझ्या गळ्यात पडली.

आधी अॅल्युमिनियम. २ मिलिमीटरचा पत्रा घासून आरशासारखा केला, जागेवर धरला, आणि पुढच्या काचेत दुसरा सूर्य उगवला. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, स्वस्त, पण ओल लागली की फुगतो, आणि माझ्या गाडीत पाऊस बाहेरच राहतो असं छातीठोकपणे सांगता येत नाही. कार्बन फायबर सुचवणाऱ्या मित्राशी मी दोन दिवस बोललो नाही. आजोबांना फाटकी जीन्स कुणी घालतं का?

राहिलं लाकूड. अखंड फळी पीळ खाते, म्हणून पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आणि त्यावर अक्रोडाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. व्हिनियरचे अकरा नमुने जेवणाच्या टेबलावर पसरले होते. मी त्यांना दिव्याखाली, उन्हात, ओल्या बोटानं पुसून पाहत होतो. बायको म्हणाली, "सगळे तपकिरीच आहेत." अशा माणसाशी काय बोलणार?

प्लाय घेतला १२ मिलिमीटरचा, मजबूत म्हणून. मीटरसाठी ५२ मिलिमीटरची गोल भोकं झकास पडली. पण स्विचची मान पत्र्याच्या मापाची, ती पलीकडे पोचेचना. मग मागून पटाशीनं एकेका स्विचपुरता प्लाय कोरत बसलो. शेवटच्या स्विचला पटाशी आरपार गेली. तिथे आता एक स्विच जास्तीचा आहे. तो काहीच करत नाही.

सगळं बसवलं, किल्ली फिरवली. एकही काटा हलला नाही. मीटरना अर्थिंग मिळायचं ते जुन्या पत्र्यातून, आणि लाकूड विजेचं दुर्वाहक असतं हे लिहून मी शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळवलेले. प्रत्येक मीटरला वेगळी अर्थिंगची वायर ओढली. काटे उठले. फक्त पेट्रोलचा शून्यावर पडून राहिला. पुन्हा पॅनेल उघडलं, दोन तास एकेक जोड तपासला, वायर बदलली, मीटरला बोटानं टिचक्या मारल्या.

बायको चहा घेऊन आली. म्हणाली, "टाकीत पेट्रोल आहे का?"

नव्हतं.