हेन्री ब्लेकचा मृत्यू दाखवायलाच हवा होता

‘मॅश’ या अमेरिकी टीव्ही मालिकेतला रुग्णालयाचा प्रमुख हेन्री ब्लेक घरी परतताना मारला जातो, तो त्याच्या निरोपाचा भाग मार्च 1975 मध्ये दाखवला तेव्हा प्रेक्षकांची संतापाची पत्रं आली, विनोदी मालिकेत असा धक्का द्यायला नको होता असं अनेकांचं म्हणणं होतं, हे या भागावरच्या एका लेखात आलंय. त्यांचा राग मी समजू शकते, पण मला तो पटत नाही.

मालिका कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी रुग्णालयाची. रोज कुणीतरी मरतंय, आणि आपल्या आवडीचा माणूस मात्र सुखरूप घरी पोचायला हवा, हा हट्ट कशासाठी? उलट आधीच्या तीन सीझनमधलं हसणं या भागामुळे खरं वाटायला लागतं.

तो प्रसंग पाहा. रुग्णालयातला कारकून रडार ऑपरेशन थिएटरमध्ये मास्क न लावताच येतो, त्यावरून त्याला कुणीतरी हटकतंही. तो तार वाचतो: हेन्रीचं विमान पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. कुणी हंबरडा फोडत नाही. हात थांबत नाहीत, कारण टेबलावर जखमी पडलेले आहेत. कुठलंतरी उपकरण खाली पडल्याचा आवाज येतो, बस्स. तो आवाज चित्रीकरणात चुकून झाला होता आणि तसाच ठेवला, हे फार बरं केलं. (ऑपरेशनच्या दृश्यांना मागून वाजवायचं प्रेक्षकांचं रेकॉर्ड केलेलं हसणं नसायचं, त्यामुळे ती शांतता आणखीच अंगावर येते.)

लगेच नंतर हेन्रीचे जुने हसरे प्रसंग जोडलेत, ते मात्र मला नको वाटतात. त्या बातमीवरच भाग संपवायला हवा होता.