५८० व्होल्टची वाट कशी लावावी

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घेतलाय आणि अजून नीट वाजतोय? मग काहीतरी चुकतंय तुमचं. एवढा महागाचा माल घरात आणायचा आणि तो वर्षानुवर्षं निमूट वाजत राहणार, मग दुरुस्तीवाल्यांनी जगायचं कसं. माझा अॅम्प, म्हणजे या हेडफोनला वीज आणि सिग्नल देणारी पेटी, नुकताच एका जाणकाराच्या हातून ‘दुरुस्त’ होऊन आलाय, अनुभव एकदम ताजा आहे, म्हटलं वाया जाण्याआधी लिहून काढू.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात साध्या हेडफोनसारखं मॅग्नेट आणि कॉइल नसतं. एक-दोन मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची फिल्म असते, तिच्यावर वीज जेमतेम पसरेल इतपत लेप, आणि दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या धातूच्या प्लेट, त्यांना स्टेटर म्हणतात. फिल्मवर कायम चार्ज ठेवायचा तो बायस, आणि गाण्याचा सिग्नल जातो स्टेटरवर, तोही शेकडो व्होल्टचा. जपानच्या स्टॅक्सने असा पहिला हेडफोन १९६० साली बाजारात आणला, तत्त्व तेव्हापासून तेच. स्टॅक्सच्या जुन्या मॉडेलांना २३० व्होल्ट बायस लागतो, ऐंशीच्या दशकात जे ‘प्रो’ आले त्यांना ५८०. कॉसचा ६०० वर चालतो. बस. वाट लावायला एवढी माहितीसुद्धा जरा जास्तच होते.

सुरुवात सेकंडहँड माल पारखण्यापासून करू. विकणाऱ्याच्या घरी जा, पंखा पाचवर, आत कुकरच्या शिट्ट्या, खाली रस्त्यावर हॉर्न, हेडफोन ओपन बॅक म्हणजे बाहेरचं सगळं आत येणार. चष्मा काढू नका, म्हणजे पॅड गालाला नीट बसत नाही आणि बेस तिथूनच पळून जातो. दोन मिनिटं ऐका आणि तोंड वाकडं करून म्हणा, ‘बेस नाही हो यात.’ शेजारी दुसरा हेडफोन असेल तर तो थोडा मोठ्या आवाजात ऐका, मोठा वाजतो तो चांगला, हे तर जगन्मान्यच आहे. मग पॅड अंगठ्याने दाबून बघा. काही मॉडेलांमध्ये आतली हवा दाबली जाते, फिल्म सरकते आणि चक्क पादल्यासारखा आवाज येतो. तो नॉर्मल असतो, पण तुम्ही दचकून ‘डिफेक्ट आहे, पाच हजार कमी करा’ म्हणायचं.

आणि हो, अॅम्प किती वॉटचा, हे विचारल्याशिवाय तिथून उठायचं नाही. हा हेडफोन म्हणजे शंभर-सव्वाशे पिकोफॅरडचा कंडेन्सर आहे, त्याला व्होल्टेज लागतं, साधारण १०० व्होल्ट दिले की १०० डेसिबलच्या आसपास आवाज, वॉटचा इथे काही संबंधच येत नाही, हे कुणी सांगायला लागलं तर त्याच्याकडे दयेने बघा आणि परत विचारा, ‘ते ठीक आहे, पण वॉट किती?’

एक बाजू हळू वाजत असेल तर शोधत बसू नका. शोधायची पद्धत तशी लहान मुलालाही जमेल. मोनो रेकॉर्डिंग लावायचं, अॅम्पच्या मागे लेफ्ट-राइटच्या केबल अदलाबदल करायच्या, हळू बाजू बदलली तर दोष मागे, प्लेअरमध्ये किंवा केबलमध्ये. नाही बदलली तर दोष पुढे, मग त्याच अॅम्पवर दुसरा हेडफोन लावून बघायचा. दोन मिनिटांचं काम आणि एक स्क्रू उघडायला लागत नाही. म्हणूनच ते करायचं नाही, डायरेक्ट स्क्रूड्रायव्हर काढायचा.

जपानहून मागवलेल्या अॅम्पच्या मागे १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. ते जपानी लोकांसाठी, तुम्ही मुलुंडला राहता, लावा प्लग.

सहा पिनांचा जुना प्लग पाच भोकांच्या सॉकेटात जात नसेल तर जादाची पिन पक्कडने कापून टाका. २३० वर जगणाऱ्या फिल्मला ५८० मिळाले की ती स्टेटरला जाऊन चिकटते, पण गेली ना आत?

धूळ बसली तर ब्लोअर मारा. फुल्ल प्रेशर.

पावसाळ्यात हेडफोन खिडकीजवळ, उघड्यावर ठेवा. जुलैत आपल्याकडे हवा इतकी दमट की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, त्या हवेत फिल्मवरचा चार्ज कडेकडेने गळायला लागतो, आवाज बसतो, कधी एक बाजू कुईंऽऽ करते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, कॅमेरावाले ठेवतात तसं, हे काहीही करू नका, दोनेकशे रुपये वाचतील. ऑगस्टपर्यंत थांबा आणि मग ‘हेडफोन गेला’ म्हणून अर्ध्या किमतीत मला विका. मी सुकवून घेईन.

आता मुख्य टिप, बायस मोजणे. हिच्यासाठीच एवढं सगळं लिहायला घेतलंय, खरं सांगतो.

माझ्या अॅम्पचा व्हॉल्यूम फिरवला की खरखर यायची. बास, एवढीच तक्रार. घरी साफ करायचा स्प्रे नव्हता, पाऊस होता, म्हटलं लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जातोच आहे, तिकडच्या एकाला दाखवू, व्हॉल्यूम साफ करून देईल, अर्ध्या तासाचं काम. दुकानाचं नाव सांगत नाही. तो म्हणाला, ‘ठेवून जा साहेब, सगळंच चेक करून ठेवतो.’ हे ‘सगळंच चेक’ ऐकलं की अॅम्प उचलून चालू पडायचं असतं, पण स्टेशनच्या दिशेला धो धो पाऊस. मी म्हटलं हेडफोन पण आणून देऊ का, तर म्हणे कशाला, अॅम्पमध्ये काय कळत नाही का आम्हाला.

दोन दिवसांनी फोन. ‘साहेब, तुमचा बायस मेलाय.’ मेलाय? दुकानात द्यायच्या आदल्या रात्रीपर्यंत मस्त वाजत होता! ‘५८० पाहिजे ना? ३९५च दाखवतोय. सप्लाय डाऊन आहे. डायोड आणि कंडेन्सर बदलतो.’ मी म्हटलं दादा थांबा, मीटर कुठला लावलाय, इनपुट किती आहे त्याचा. तर म्हणतो, ‘नवा मीटर आहे साहेब, डिजिटल, एकदम करेक्ट.’ फोन कट.

आता ऐका. बायसच्या लाइनमध्ये मुद्दाम मोठा रेझिस्टन्स टाकलेला असतो, माझ्यात ४.७ मेगओहमचा आहे. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स, म्हणजे इनपुट, १० मेगओहम. मीटर लावला की तोच लोड होतो, दोघांत व्होल्टेज वाटलं जातं. ५८० गुणिले १०, भागिले १४.७. किती आलं? ३९४.५६, म्हणजे ३९५च. म्हणजे त्याच्या नव्या करेक्ट मीटरने छापून दिलं होतं की सप्लाय एकदम ठणठणीत आहे! हापूसच्या पेटीतले आंबे मोजायला बसायचं, मोजता मोजता तिसरा हिस्सा आपणच खायचा आणि मग आंबेवाल्याची कॉलर धरायची की पेटी कमी भरली. डायोड बदलले, ३९५. कंडेन्सर बदलले, ३९५. इथे कुणीही माणूस थांबेल ना? डोकं खाजवेल? नाही. याने शोध लावला. ‘साहेब, फॉल्ट सापडला, एवढा मोठा रेझिस्टन्स बसवलाय कुणीतरी, तोच व्होल्टेज अडवत होता, तो काढून ४७० के टाकला, आता बघा साडेपाचशे.’ अरे येणारच साडेपाचशे, गणित आहे ते, ४७० के म्हणजे ०.४७ मेग, ५८० गुणिले १० भागिले १०.४७, चौथीतलं पोरगं करेल, खिशातल्या मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, त्याच मोबाइलवर तू मला अभिमानाने मीटरचा फोटो पाठवलास, तिथेच एक बटण दाबायचं होतं फक्त!

तो रेझिस्टन्स कशासाठी असतो हे तरी विचारायचं. फिल्म स्टेटरला लागली, मध्ये ठिणगी पडली, प्लगमध्ये शॉर्ट झालं, तर करंट वाढू नये म्हणून. ४.७ मेगमधून फार तर ०.१२ मिलीअँपियर जाईल. याच्या ४७० के मधून दहापट. आणि बसवला कोणता, तर डब्यात सापडलेला पाव वॉटचा, शॉर्ट झालं तर त्याच्यावर पाऊण वॉटच्या जवळ पडतील, तो स्वतःच काळा होईल. ही वस्तू मी कानाला लावून बसतो हो. कानाला!

हे मोजायचंच असेल तर गिगओहमचा, म्हणजे हजार मेगचा, प्रोब लागतो, त्याने ५७७ दाखवलं असतं आणि विषय संपला असता. प्रोब नाही? ठीक आहे, माझ्याकडेही विकतचा नाही, रेझिस्टन्सची माळ करून नळीत घातलीय. तेही नको? मग भागाकार करा. भागाकाराला काही लागत नाही.

बिल किती झालं ते लिहीत नाही, घरी लेख वाचला जातो. व्हॉल्यूमची खरखर? ती आहे तशीच आहे. ती बघायची राहिली म्हणाला.

हां, टिपा चालू होत्या नाही का. तर पुढची. आत छोटे प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे अॅडजस्टमेंट, असतात, बॅलन्सचा एक आणि ऑफसेटचा एक, असे प्रत्येक चॅनलला. मशीन गरम व्हायच्या आधीच फिरवून टाका. अर्धा तास तापू द्यायचं, मग आउटपुटच्या प्लस-मायनसमधला फरक आणि मग ग्राउंडपासूनचा फरक शून्याच्या जवळ आणायचा, परत अर्ध्या तासाने बघायचं, कारण एक हलवला की दुसरा हलतो, एवढा वेळ आहे कुणाला, मागे गिऱ्हाइक उभं आहे.

स्विच बंद केला की लगेच आत हात घाला. नाही, थांबा. हे गमतीतसुद्धा लिहीत नाही. बायसचा करंट चिमूटभर असतो पण अॅम्पचा मेन सप्लाय प्लस-मायनस तीनशेच्या वर असतो, त्याचे मोठे कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात आणि माणूस मारायला तेवढं पुरतं. प्लग काढा, वेळ द्या, रेझिस्टन्स लावून डिस्चार्ज करा, मग मीटर लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हर टाकून ठिणगी पाडून दाखवणारे हिरो मी बघितलेत. ज्याला याची सवय नाही त्याने झाकण उघडूच नये, खरखर ऐकत बसावं.

आता टिपाबिपा राहू द्या, सरळ बोलतो.

दुरुस्तीवाल्यांनो, तुम्हाला येत नाही ना? मग नाही म्हणा. ‘साहेब, ही वस्तू मी आधी उघडलेली नाही’ हे म्हणायला काय होतं? कुणी हसणार नाही. अख्ख्या मुंबईत ही मशीन मोजून थोडी असतील, तुम्ही बघितली नसेल तर त्यात कमीपणा कसला. साधे अॅम्प, टीव्हीचे सप्लाय, स्टॅबिलायझर तुम्ही डोळे मिटून करता, मान्य आहे, हात चांगला आहे तुमचा, सोल्डरिंगचा डाग तर इतका सुंदर दिलाय की बघत राहावं. पण चुकीच्या जागी दिलाय! तीन पार्ट बदलून आकडा जागचा हलत नाही तेव्हा चौथा पार्ट उपटायचा नसतो, आपण मोजतोय कसं ते बघायचं असतं. मीटरच्या मागे इनपुट किती ते छापलेलं असतं, किंवा आतल्या कागदावर असतं, तो कागद खोक्यासकट पहिल्याच दिवशी फेकता तुम्ही. आणि गिऱ्हाइकाने व्हॉल्यूम साफ करायला सांगितला तर व्हॉल्यूम साफ करा, बायसला कुणी बोलावलं होतं? काही वेगळं दिसलं तर फोन करून आधी विचारायचं, काढून झाल्यावर सांगायचं नाही, आणि समोरचा प्रश्न विचारतोय तर फोन ठेवायचा नाही, पैसे तो देतोय.

आणि तुम्ही गिऱ्हाइकं, दाढी कुरवाळत ‘होईल ना पाचशेत?’ म्हणणारी. लाखाची वस्तू आणि पाचशेत दुरुस्ती, मग तो वेळ कुठून काढणार, डब्यात सापडेल तेच बसवणार. बिल मागत नाही, काय बदललं लिहून घेत नाही, जुने पार्ट मागत नाही, घरी येऊन आमच्यासारख्यांना फोन करता, ‘जरा बघ ना, चट चट आवाज येतोय.’ जुने पार्ट पिशवीत घालून परत मागायचे. ते तुमचे आहेत. भांडून मागायचे.

माझा ४.७ मेगचा तो रेझिस्टन्स दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडलाय असं कळलंय. घरी दुसरा बसवलाय मी, गरज नाही त्याची. तरी शनिवारी न्यायला येतोय, बिलही लिहून घेणार आहे, आणि व्हॉल्यूम माझ्यासमोर साफ करून द्यायचा, पैसे घेतलेत त्याचे.