‘66अ गेलं, आता तक्रार कुठे?’ : एक खुलासा

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘66अ रद्द झाल्यापासून ऑनलाइन छळावर कायदाच उरलेला नाही. केरळात मात्र राज्याचा कायदा आहे, तीन वर्षं आत! महाराष्ट्राने तोच आणावा.’ दोन्ही विधानं चूक आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ हे एकच कलम पूर्ण रद्द केलं. ऑनलाइन ‘त्रासदायक’ मजकूर पाठवणं त्या कलमाने गुन्हा ठरवलं होतं, पण ‘त्रासदायक’ म्हणजे नेमकं काय, हे त्यात कुठेच स्पष्ट नव्हतं. पालघरच्या दोन मुलींना 2012 मध्ये एका फेसबुक पोस्टवरून याच कलमाखाली अटक झाली, ते आपल्याकडे बरेच जण विसरलेले दिसतात. बाकीची कलमं शाबूत आहेत: दुसऱ्याची ओळख चोरणं (66क), खासगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं (66ई), अश्लील मजकूर (67). नकार देऊनही बाईच्या ऑनलाइन मागे लागणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे.

आता केरळ. तिथल्या पोलीस कायद्यातलं 118(ड) हे 66अ सारखंच कलम त्याच निकालात गेलं. नोव्हेंबर 2020 मध्ये अध्यादेशाने 118-अ आलं, त्यात धमकावणाऱ्या किंवा बदनामी करणाऱ्या मजकुराला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती खरी. पण टीकेचा भडिमार झाला आणि आठवड्याभरात सरकारनेच ते मागे घेतलं. म्हणजे ज्याचा दाखला देताय, ते कलम आज अस्तित्वातच नाही.

राज्यांना काहीच करता येत नाही, असंही नाही. पोलीस हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय आहे. तक्रार मात्र आजच्या कलमांवरही नोंदवता येते. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, चॅट पुसू नका.