ज्याअर्थी मला ताप आहे

सकाळी अंगात ताप भरला. साहेबांना तेवढं इंग्रजीत कळवायचं होतं. 'आय विल नॉट कम टुडे' झटक्यात लिहून झालं. पुढे ताप जोडायला एकच शब्द हवा होता, तिथे घोडं अडलं. मराठीत बरं असतं, तापाला 'मुळे' चिकटवलं की माणूस पांघरूण ओढायला मोकळा.

आधी 'बिकॉज' लिहिला. पण नकारामागून येणारा बिकॉज भारी दगाबाज, हे मी भोगलंय. एकदा पोट दुखलं म्हणून मीटिंगमधून उठलो होतो. गैरसमज नको म्हणून नंतर मेल टाकला, 'आय डिडन्ट लीव्ह बिकॉज आय वॉज बोअर्ड.' मला म्हणायचं होतं, उठलो ते कंटाळून नव्हे. त्याचा दुसरा सरळ अर्थ निघतो, मी उठलोच नाही, कारण मला कंटाळा आला होता. म्हणजे उठण्याचासुद्धा!

मग 'सिन्स'. हा आपला 'ज्याअर्थी'. कारण समोरच्याला आधीच ठाऊक असलं की हा शोभतो, आणि बहुधा वाक्याच्या तोंडाशीच बसतो. माझा ताप साहेबांना कुठून ठाऊक असणार? शिवाय त्याला काळ सांगायचीही खोड. 'सिन्स आय जॉइन्ड युअर टीम, आय हॅव हॅड हेडेक्स'. टीममध्ये आल्यापासून की आल्यामुळे, ते साहेबांनी आपापल्या मनाला विचारावं.

'ॲज' तर सगळ्या घरचा पाहुणा. 'ॲज आय वॉज लीव्हिंग, ही शाउटेड'. निघताना ओरडला की निघालो म्हणून? राहता राहिला 'फॉर'. तो जुन्या पुस्तकांतला, वाक्याच्या मध्येच येणारा, तोही स्वल्पविरामाची पालखी घेऊन. 'आय विल नॉट कम, फॉर आय हॅव फीव्हर' वाचून साहेबांना ते माझं मृत्युपत्र वाटलं असतं.

चाळीस मिनिटं गेली. शेवटी कारणच गाळून मेल पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. एकच शब्द, 'व्हाय?'

मला तर हायसंच वाटलं. 'व्हाय'ला उत्तर द्यायला सिन्स, ॲज, फॉर यांपैकी कुणीही चालत नाही, तिथे फक्त बिकॉज. आनंदाने टाइप करायला घेतलं. तेवढ्यात शाळेतल्या बाई कानात कडाडल्या, "बिकॉजने वाक्य सुरू करायचं नाही!"

आता मोठमोठे लेखक करतात, चालतं, हे मला ठाऊक आहे. बाईंना कोण सांगणार?